वाचले, समजले, आक्षेप नाही

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जन्म बंद पडले. मृत्यू चालू होते.

यात घाबरण्यासारखे काही नाही, असे कार्यालयाचे मत होते. खिडकी क्रमांक एकवर जन्माची नोंद होई आणि खिडकी क्रमांक दोनवर मृत्यूची. त्या दिवशी खिडकी एकच्या पडद्यावर एक तांबडी चौकट आली. 'आपली भाषा जुनी झाली आहे. आवृत्ती पाच बसवा.' चौकटीखाली 'ठीक आहे' एवढे एकच बटण होते आणि ते दाबले की चौकट जाऊन पुन्हा तीच चौकट येई. खिडकी दोनवर असले काही आले नाही, कारण मृत्यूच्या बाबतीत वरच्या कार्यालयाने कित्येक वर्षांत कसलीही सुधारणा केलेली नव्हती. त्यामुळे तिथे सगळे सुरळीत होते.

ही भाषा म्हणजे तुम्ही-आम्ही बोलतो ती नव्हे. संगणकाला कामे सांगायची जी भाषा असते, ती. तिच्याही दर दोन-तीन वर्षांनी नव्या आवृत्त्या निघतात आणि नवी आली की जुनीला कुणी दारात उभे करत नाही. कार्यालयात ही गोष्ट कळणारा माणूस एकच. कागदोपत्री त्यांचे पद 'सहायक (यांत्रिक)' असे होते, पण सगळे त्यांना संगणकराव म्हणत. यंत्र चालू असले की त्यांची कुणाला आठवण नसे आणि बंद पडले की ते सोडून दुसरे कुणी आठवत नसे.

त्या दिवशी संगणकरावांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक फॉर्म होता. तो त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या जन्माचा होता. एकोणतीस फेब्रुवारीला मुलगी झाली. "बरं झालं, वाढदिवसाची कटकट चार वर्षांतून एकदाच," असे सासूबाईंनी दवाखान्यातच जाहीर करून टाकले होते. नोंद करायला पाच मिनिटे पुरली असती. पण आपलेच कार्यालय, आपलीच खिडकी, आज करू, उद्या करू, असे करता करता बारा दिवस गेले. 'जन्माची नोंद वेळेवर करा' हा फलक त्यांच्या डोक्याच्या अगदी वर टांगलेला होता. खालीच बसत असल्यामुळे तो त्यांना दिसत नसे.

ते साहेबांच्या खोलीत गेले.

"अर्ध्या तासाचं काम आहे, साहेब. नवी आवृत्ती तयार मिळते. आणतो आणि बसवतो."

साहेब मऊ स्वभावाचे होते. ते कुणावर ओरडत नसत, फक्त परिपत्रक काढून दाखवत. मागे कुठल्याशा कार्यालयात कुणीतरी बाहेरून तयार प्रोग्राम आणून बसवला होता आणि तीन दिवस प्रत्येक दाखल्यावर वडिलांच्या नावाच्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात छापून आली होती. तेव्हापासून हे परिपत्रक निघाले होते आणि साहेबांनी ते काचेखाली ठेवले होते.

"तयार बसवायचं नाही," काचेवर बोट ठेवत साहेब म्हणाले. "कलम चार."

"मग सोर्स कोड आणतो. म्हणजे भाषेचा मूळ मजकूर. तो उघडाच असतो, कुणीही बघावा. आपल्या यंत्रावर आणायचा आणि इथल्या इथे भाषा तयार करायची. शिवलेला शर्ट न आणता कापड आणून घरी शिवावं तसं. फार तर दुपार होईल."

"उत्तम. कलम पाचही तेच म्हणतं." साहेबांचे बोट खाली सरकले. "आणि कलम सहा म्हणतं, 'सदर मूळ मजकूर सक्षम अधिकाऱ्यांनी संपूर्ण वाचून व समजून घेतल्यावरच बसवावा.'"

संगणकराव हसले. साहेब हसले नाहीत.

"साहेब, सहा लाख ओळी आहेत."

"असतील."

"तो कुणी वाचत नाही हो."

"कुणी म्हणजे कोण कोण?"

"कुणीच. जगात कुणीच सगळा वाचत नाही. उघडा ठेवलाय म्हणजे कुणीतरी वाचला असेलच, असं सगळे धरून चालतात."

तेवढ्यात साहेबांचा मोबाइल टुणकन वाजला. मोबाइललाही नवी आवृत्ती हवी होती. पडद्यावर बारीक अक्षरांचा एक लांबच लांब मजकूर आला. साहेबांनी न बघता अंगठ्याने तो सरसर खाली ढकलला, 'वाचले, मान्य आहे' या चौकोनात टिचकी मारली आणि मोबाइल पालथा ठेवला.

"म्हणजे," अत्यंत व्यथित होऊन ते म्हणाले, "आजवर या कार्यालयाच्या यंत्रांत तुम्ही न वाचलेला मजकूर बसवत आलात?"

साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

"हे लेखी द्याल?"

त्यांनी लेखी दिले नाही. म्हणून संध्याकाळी वाचन समिती स्थापन झाली.

समितीत तीन जण होते. साहेब स्वतः अध्यक्ष. इंग्रजी टायपिंग येते म्हणजे इंग्रजी येते, या न्यायाने टायपिस्टबाई सदस्य. आणि अभिलेख खोलीत तीस वर्षे धूळ खात बसलेले रेकॉर्डकाका दुसरे सदस्य, कारण त्यांना दुसरे काम नव्हते. पडद्यावर वाचलेल्यावर सही करता येत नाही, म्हणून सगळा मजकूर छापायचे ठरले. कार्यालय दोन वर्षांपूर्वीच कागदविरहित झाले होते. हाताने नोंद करायची जन्माची वही तेव्हाच हार घालून बंद केली होती आणि कपाटाला सील ठोकले होते. त्या कपाटाला टेकून आता पंधरा हजार पानांचे गठ्ठे उभे राहिले. प्रत्येक पानाखाली मारण्यासाठी रबरी शिक्का बनवून आणला: 'वाचले, समजले, आक्षेप नाही.'

साहेबांचा वेग मिनिटाला अठरा पाने होता. टायपिस्टबाई बोलता बोलता बावीसपर्यंत जात. आठवड्याभरात दोघांचे वाचन संपले. संगणकरावांच्या जिवात जीव आला. खिशातला फॉर्म त्यांनी एकदा उघडून पाहिला आणि पुन्हा घडी घातली.

मग ते अभिलेख खोलीत गेले. रेकॉर्डकाका खिडकीशी बसले होते. चष्मा कपाळावर, हातात फूटपट्टी. ओळीखाली पट्टी धरायची, ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची.

"किती झालं, काका?"

"एकशे सत्तर."

"हजार?"

"पानं."

संगणकराव मटकन खाली बसले. "काका, अहो, तुम्ही खरंच वाचताय?"

"शिक्क्यावर तसं लिहिलंय ना!" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता. खरोखरच शिक्का वाचून ते कामाला लागले होते.

काकांना ती भाषा येत नव्हती. पण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची न समजणारी अक्षरेच लावली होती, त्यामुळे त्याचे त्यांना काही वाटत नव्हते. त्यांनी कुठूनसे एक पुस्तक आणले, वहीत टिपणे काढली आणि हजाराव्या पानापर्यंत त्यांना अर्थ लागू लागला. तीन हजाराव्या पानाला ते संगणकरावांना शंका विचारू लागले आणि साडेतीन हजाराव्या पानाला संगणकरावांना उत्तरे येईनाशी झाली. तेव्हापासून संगणकराव अभिलेख खोलीवरून जाताना पावले न वाजवता जात.

चार हजार एकशे बाराव्या पानावर घोडे अडले. तिथे मजकूर लिहिणाऱ्याने मध्येच स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती: 'हे का चालते ते मला माहीत नाही. हात लावू नका.'

"लिहिणाऱ्यालाच समजलेलं नाही," काका म्हणाले. "मग मी 'समजले' कसं म्हणू?"

सभा भरली. साहेबांनी आणि टायपिस्टबाईंनी त्याच पानावर आधीच 'समजले' म्हटलेले होते, त्यामुळे दोघांचेही चेहरे पडले. पण आक्षेप नियमाला धरून होता. लिहिणाऱ्याचा पत्ता शोधून त्याला खुलासा मागवणारे पत्र गेले, मग स्मरणपत्र, मग अंतिम स्मरणपत्र. सात महिन्यांनी उत्तर आले. 'मी ते काम केव्हाच सोडले. आता मधमाश्या पाळतो. ते का चालते ते मला अजूनही माहीत नाही. पण इतक्या वर्षांत कुणीतरी तिथपर्यंत वाचले, हे कळून डोळे भरून आले.' खुलासा समाधानकारक मानून फायलीला लावण्यात आला.

इकडे खिडकी एकसमोर रांग होतीच. ज्या गुरुवारी जन्म बंद पडले, तेव्हापासून खिडकीवरच्या कारकुनाला 'आठ दिवसांनी या' एवढेच म्हणायचे काम उरले होते आणि ते तो मन लावून करी. लोक आठ दिवसांनी येत. आधी कडेवर मूल घेऊन येत, मग बोटाला धरून. वरच्या कार्यालयाला मात्र दरमहा आकडे जात होते. जन्म शून्य, मृत्यू चालू. वर्षअखेरीस लोकसंख्या नियंत्रणातील उल्लेखनीय कामगिरीबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्र मिळाले. ते त्यांनी फ्रेम करून खिडकी एकच्या वरच लावले.

संगणकरावांच्या घरी मात्र कामगिरीचे कौतुक नव्हते. मुलीला घरात चिमी म्हणत. बाहेर तिला नावच नव्हते. लसीच्या कार्डावर नावाच्या जागी 'बाळ' लिहिले होते आणि 'दाखला आणलात की बदलू' असे दवाखान्यातल्या बाई दर खेपेला सांगत. शर्टाच्या खिशातला फॉर्म दोनदा धुण्यात गेला. त्याचा लगदा खिशातून खरवडून काढताना बायकोचा पारा चढला.

"तू नक्की काम कुठे करतोस?"

"असं काय विचारतेस?"

"नाही, मला वाटायचं तू जन्माची नोंद करणाऱ्या ऑफिसात आहेस. शेजारच्यांचा मुलगा परवा झाला, दुसऱ्या गावात झाला म्हणून दाखलाही आला. आणि नोंद करणाऱ्याची पोर दीड वर्षांची झाली तरी 'बाळ'!"

"प्रोसेस चालू आहे गं."

"चालू आहे? ती चालायला लागली रे! तुझी प्रोसेस अजून रांगतेय."

चिमीने तेवढ्यात बाबांचा नवा फॉर्म तोंडात घातला. संगणकरावांनी तो ओढून काढला, वाळत घातला आणि दुसऱ्या दिवशी नवीन आणला. फॉर्म भरण्यात ते आता इतके तरबेज झाले होते की 'जन्मतारीख' या रकान्यात पेन आपोआप एकोणतीस लिहून जाई.

अखेर पंधरा हजारावे पान आले. काकांनी पट्टी खाली सरकवली, खाली ओळ नव्हती. त्यांनी शिक्का मारला, चष्मा पुसला आणि सगळ्यांना एकेक पेढा नव्हे, पण एकेक नमस्कार केला. संगणकराव धावत साहेबांकडे गेले.

"वाचून झालं, साहेब! यंत्रात मजकूर आहेच. आता लावतो तयार करायला."

"कुठला मजकूर?"

"तोच. ज्याची छपाई केली तो."

"पण सह्या कशावर आहेत?"

"कागदावर."

"मग अधिकृत प्रत कागदाची. यंत्रातल्या प्रतीवर कुणाचीही सही नाही. ती मी ओळखत नाही." साहेबांनी समजुतीच्या सुरात पुढे सांगितले, "रागावू नका. कागदावरून टाइप करून घेऊ. टायपिस्टबाईंचा हात चांगला आहे."

संगणकरावांनी कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी तो होकार समजून आदेश काढला.

टायपिस्टबाईंचा हात खरोखरच चांगला होता. त्यांच्या टेबलावरून आजवर एकही अशुद्ध पत्र बाहेर गेले नव्हते. साहेबांनी 'आपला विश्वासु' लिहिले तर त्या 'विश्वासू' करून देत आणि साहेबांना कळू देत नसत. पंधरा हजार पाने त्यांनी वर्षभरात टाइप केली. यंत्राने ती वाचली आणि चाळीस हजार चुका काढल्या. कुठे स्वल्पविराम सुटला होता, कुठे बाईंनी वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला होता, कुठे लहान अक्षराचे आदराने मोठे केले होते. काकांनंतर आक्षेप घेणारा हा जणू समितीचा आणखी एक सदस्य. त्याच्या तक्रारी एकेक करून मिटवता मिटवता संगणकरावांचे आणखी सहा आठवडे गेले. शेवटी एके दिवशी यंत्र काही बोलेनासे झाले. भाषा तयार झाली.

फक्त एक गोष्ट राहिली. टाइप केलेला मजकूर मूळ मजकुराबरहुकूम आहे, असे यांत्रिक सहायकाने प्रत्येक पानावर प्रमाणित करायचे होते. पुन्हा छपाई झाली. पुन्हा पंधरा हजार पाने, आणि शिक्का आता संगणकरावांच्या हातात.

रेकॉर्डकाका आपल्या पायांनी त्यांच्या टेबलाशी आले. हे प्रथमच घडत होते.

"माझ्याकडे द्या. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून ताडून बघतो. मूळचं मला बरंचसं पाठ आहे."

"किती दिवस लागतील?"

"वर्षभर धरा."

संगणकरावांचा तोल गेला. "काका, चिमीच्या शाळेचा प्रवेश सोमवारी बंद होतोय. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, दाखला नाही तर मूल नाही. माझी पोर समोर उभी होती, साहेब... काका... तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या! तुमच्या एका पट्टीपायी अडीच वर्षं गेली. सगळ्या जगाचं न वाचता चालतं, आणि एकट्या तुम्हालाच काय ते वाचायचंय!"

काकांनी हातातली पट्टी खिशात ठेवली. मग म्हणाले, "चुकलं असेल कुठे, एवढंच म्हणत होतो."

"यंत्राने पास केलंय. यंत्रापेक्षा तुम्ही शहाणे?"

काका परत गेले. संगणकरावांनी बाह्या सरसावल्या आणि शिक्का उचलला. त्यांचा वेग मिनिटाला तीस पानांचा पडला, जो त्या कार्यालयातला विक्रम आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मनगट सुजले तेव्हा त्यांनी हात बदलला. मध्ये एकदा काका दारातून डोकावले. "वाचताय ना?" त्यांनी विचारले. "हो, हो," संगणकराव म्हणाले आणि त्या दोन शब्दांत त्यांची दोन पाने झाली.

शुक्रवारी आवृत्ती पाच खिडकी एकवर बसली. तांबडी चौकट गेली. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या मुलांनीही वाजवल्या, कारण ती आता टाळ्या वाजवण्याच्या वयाची झाली होती. पहिली नोंद कुणाची, यावर वाद झाला नाही. संगणकरावांनी एवढे कष्ट घेतले, तेव्हा मान चिमीचाच. बायको तिला नवा फ्रॉक घालून घेऊन आली होती. साहेबांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि बोटाने एकेक अक्षर दाबत स्वतः माहिती भरली. आईचे नाव. वडिलांचे नाव. मुलीचे नाव, जे आज प्रथमच कुठेतरी लिहिले जात होते. जन्मतारीख, एकोणतीस फेब्रुवारी. मग त्यांनी समारंभपूर्वक बटण दाबले.

पडद्यावर अक्षरे आली: 'असा दिवस अस्तित्वात नाही.'

साहेबांनी पुन्हा दाबले. दिवस पुन्हा अस्तित्वात आला नाही. कारकुनाने चाचणी म्हणून दुसऱ्या तारखा घालून पाहिल्या. तीस जून चालला, एकतीस डिसेंबर चालला, अठ्ठावीस फेब्रुवारी चालला. सगळ्या जगाला जन्माला यायची मोकळीक होती, चिमीला तेवढी नव्हती.

रेकॉर्डकाका न बोलावता आले. "पान नऊ हजार दोनशे सोळा," ते म्हणाले. "तिथे महिन्यांचे दिवस आहेत. दोन ओळी. वरची साध्या वर्षाची, खालची लीप वर्षाची."

दोन्ही गठ्ठ्यांतली पाने काढली. मूळ पानावर वरच्या ओळीत फेब्रुवारीचे अठ्ठावीस होते, खालच्या ओळीत एकोणतीस. टाइप केलेल्या पानावर दोन्हीकडे अठ्ठावीस होते.

"हो, ते मीच नीट केलं," टायपिस्टबाई प्रसन्नपणे म्हणाल्या. "दोन ओळी अगदी सारख्या होत्या, आणि खालच्या ओळीत एक आकडा चुकून वेगळा पडला होता. असं सोडायचं का?"

मग साहेबांनी ते पान उचलले आणि संगणकरावांपुढे धरले. खाली शिक्का होता. वाचले, समजले, आक्षेप नाही. त्यावर डाव्या हाताने केलेली एक सही होती.

"ही तुमची ना?"

संगणकरावांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपली स्वतःची सही वाचावीशी वाटली नाही. "एकच आकडा आहे, साहेब. आठचा नऊ करायचाय. दोन सेकंदांत करतो."

"करा ना. मी कुठे नाही म्हणतो?" साहेब कळवळून म्हणाले. "पण एक आकडा बदलला की मजकूर नवा झाला. नवा मजकूर आला की कलम सहा आलं. समिती आजच नेमतो."

संगणकरावांनी काकांकडे पाहिले. काकांनी खिशातून पट्टी काढलीच होती.

"दुसरा एक उपाय आहे," साहेब म्हणाले. "एक मार्च करून टाका. एका दिवसाने काय बिघडतं?"

"माझी पोर एकोणतीसला झाली," बायको म्हणाली. "मी होते तिथे."

"तुमचं बरोबर आहे, ताई. पण यंत्र नव्हतं तिथे."

सोमवार डोळ्यांपुढे होता. साहेबांनी खणातून प्रतिज्ञापत्राचा नमुना काढला. चौदा पाने, मुंगीएवढी अक्षरे, शेवटच्या पानावर रिकामी जागा. त्या जागेवर संगणकरावांनी सही केली. कारकुनाने तारीख बदलली, बटण दाबले आणि यंत्रातून दाखला बाहेर आला. चिमी जन्मली. बायकोने दाखला हातात घेतला, एकदा चिमीकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता शाळेच्या रस्त्याला लागली. ती ओरडली असती तर संगणकरावांना बरे वाटले असते.

काका मात्र प्रतिज्ञापत्र घेऊन कोपऱ्यात बसले होते. पट्टी नवव्या पानावर थांबली होती.

"संगणकराव, हे वाचलंत का? 'वरील तारीख खरी नसल्याचे पुढे केव्हाही आढळल्यास, अर्जदाराचे अपत्य जन्मलेलेच नाही असे समजण्यात येईल.'"

संगणकराव खिडकीकडे धावले. पण तिथे पडद्यावर एक तांबडी चौकट आली होती. 'आपली भाषा जुनी झाली आहे. आवृत्ती सहा बसवा.' कारकून मान बाहेर काढून रांगेला सांगत होता, आठ दिवसांनी या. साहेब काचेखालून परिपत्रक काढत होते. खिडकी दोनवर सगळे सुरळीत होते.

गोष्ट संपली. संगणकराव मूर्ख होते, हे तुम्हाला पटले असेल. वाचल्याशिवाय सही करणारा माणूस आणखी कोण असणार? तुम्ही तसे नाही. तुमच्या मोबाइलवर परवा जो लांबलचक मजकूर आला, तो तुम्ही पट्टी लावून वाचलात आणि मगच त्या चौकोनात टिचकी मारलीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोबाइलचे सोडा, ही गोष्टही तुम्ही ओळ न ओळ वाचत आलात. जन्म बंद पडले तो वार पहिल्या ओळीत मंगळवार होता, आणि पुढे रांगेची हकिकत सांगताना मी बिनधास्त त्याला गुरुवार म्हटले. तुम्ही तिथे थांबलात, मागे गेलात, ताडून पाहिलेत आणि पुढे आलात.

नसाल थांबलात, तरी हरकत नाही. पानाखाली थोडी जागा सोडली आहे, तिथे सही करा. आक्षेप नाही, असे मी धरून चालतो.